उलट्या पिळाच्या दोरीतला लेपा

जुना तर मी आहेच मित्रांनो, पण आधी एक गोष्ट साफ सांगून टाकतो. मी मेलेला आहे. नुसता मेलेला नाही, उन्हात खडखडीत वाळवलेला आहे. मेलेला मासा बोलतो कसा, असं तुमच्यातला कुणी शहाणा विचारणारच. अरे बाबांनो, फाटकी छत्री बोलते, मोडकी खुर्ची बोलते, ते तुम्ही मुकाट्यानं ऐकता. मग मीच काय घोडं मारलंय? मी तर एके काळी खरोखरचा जिवंत होतो.

मला लेपा म्हणतात. समुद्राच्या तळाशी वाळूत पडून राहणारा मी एक लहानसा मासा, तुमच्या तळहाताएवढा आणि भाकरीसारखा चपटा. माझे दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत. हसलात ना? हसा. सगळेच हसतात. बोंबील तर एवढे हसायचे की त्यांची तोंडं मिटायचीच नाहीत.

पण जन्मलो तेव्हा मी तुमच्यासारखाच होतो. एक डोळा इकडे, एक तिकडे. पाण्याच्या वरच्या अंगाला, उजेडात, सरळ पोहत होतो. काही आठवडे गेले आणि माझा एक डोळा सरकायला लागला. कपाळावरून हळूहळू चालत तो दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसला. मग मला सरळ पोहवेना. मी एका कुशीवर कलंडलो आणि खाली खाली जात तळाला टेकलो. तेव्हा मला कळलं की हे व्यंग नव्हतं, ही घरी जायची तयारी होती. जो जन्मभर जमिनीला टेकून राहणार, त्याला खालच्या बाजूला डोळा हवा कशाला?

मित्रांनो, त्या तळाची मला फार आठवण येते. मी पंख फडफडवून वाळू उडवायचो. ती माझ्या अंगावर पसरायची आणि मी दिसेनासा व्हायचो. फक्त दोन डोळे बाहेर. माझी वरची बाजू वाळूच्याच रंगाची, तिच्यासारखीच ठिपक्याठिपक्यांची. वरून मोठमोठे मासे जायचे, त्यांना मी दिसायचो नाही. दिवसभर असं पडून राहायचं, अंधारलं की हळूच सरपटत किडे आणि बारीक कोळंब्या टिपायच्या आणि पुन्हा वाळू ओढून घ्यायची. भरती आली की अंगावरचं पाणी जड व्हायचं, ओहोटी लागली की हलकं. एवढंच माझं आयुष्य होतं. कोणी म्हणेल, यात काय सुख? मी म्हणतो, हेच सुख होतं.

एका ओहोटीला ते गेलं. नर्मदा जिथं समुद्राला मिळते तिथं कोळ्यांनी खुंटांना पिशवीसारखं जाळं बांधलं होतं. पाणी ओढत निघालं आणि वाळूसकट मला घेऊन गेलं. जाळ्यात हजारो बोंबील होते, त्यांच्या खाली मी. त्या दिवशी मात्र बोंबील हसले नाहीत.

किनाऱ्यावर मासळी वाळवायचा वाडा होता. बोंबील मांडवांवर जोडीजोडीनं टांगायचे. माझ्यासारखे किरकोळ, वेडेवाकडे मासे एका बाजूला टाकायचे. ते निवडून, वाळवून, माळेत ओवायचं काम एका लंगड्या माणसाकडं होतं. त्याचं नाव नवलसिंग.

हा नवलसिंग कोळी नव्हता. दर्या त्याच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता. तो सातपुड्यातला, अक्कलकुव्याच्या पलीकडं नर्मदेच्या उतारावर असलेल्या एका पाड्यातला. जंगलातली लाकडं एकत्र बांधून त्यांचे तराफे नर्मदेतून खाली भडोचला न्यायचे, त्या कामाला तो मागच्या दिवाळीनंतर काकाबरोबर निघाला होता. वाटेत एका खडकावर तराफा आपटला आणि लाकडं सुटली. नवलसिंग लाकडांमध्ये सापडून पाण्याखाली गेला तो काकाला पुन्हा दिसलाच नाही. काकानं काठाकाठानं हाका मारल्या, शोधलं आणि शेवटी रडत घरची वाट धरली. नवलसिंग मात्र एका ओंडक्याला कवटाळून फार खाली वाहत गेला होता. कोळ्यांनी त्याला काढला तेव्हा त्याचा पाय मोडलेला होता.

तो माळा ओवता ओवता स्वतःशीच बोलायचा. ऐकायला आम्ही मासेच होतो. मोडका पाय भरून यायला लागला तेव्हा घरी जायचंच असं त्यानं ठरवलं होतं. पण त्यांच्याच डोंगरातला दोधू नावाचा एक माणूस तराफा घेऊन आला आणि त्याला बघून चार पावलं मागं सरकला.

"तू? अरे, तुझ्या नावाचा दगड मी डोळ्यांनी बघितला. तुमच्याच अंगणात!"

संपलं. गेलेल्या माणसाच्या नावाचा दगड घरच्यांनी उभा केला, बडव्यानं, म्हणजे त्यांच्या भगतानं, त्याच्यापुढं बोलणं केलं, की तो माणूस मेलेल्यांमध्ये गेला, अशी त्या पाड्याची रीत. त्यानंतर जे कोणी दाराशी येईल ते त्याचं भूत. नवलसिंगला भुतांची भीती होती, आणि आता तो स्वतःच एक होऊन बसला. "मी गेलो तर याहा मला बघून दार लावून घेईल," तो मला म्हणाला. याहा म्हणजे त्यांच्यात आई. "ते मला बघवणार नाही रे. त्यापेक्षा इथं मासे ओवतो."

संध्याकाळी काम आटोपलं की तो समुद्राकडं पाठ करून बसायचा. डोंगराच्या दिशेला तोंड करून. तिथून डोंगर दिसत नव्हते. मी शेजारीच चटईवर पडलेला, माझी नजर समुद्रावर. समुद्र दिसत होता, पण मला तिथं जाता येत नव्हतं. आम्ही दोघं सारखेच अडकलेले होतो म्हणा ना.

एक दिवस माळेला काथ्या पुरला नाही. नवलसिंगनं कमरेचा करदोडा सोडला. घरच्या अंबाडीचा, आईनं वळलेला, आणि त्यात तिच्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी पिळलेली. पाण्यातसुद्धा तो सुटला नव्हता. तो काही वेळ हातात धरून बसला. मेल्या माणसाचा करदोडा तोडतात हे त्याला ठाऊक होतं. "आता काय उपयोग," असं म्हणून त्यानं तो उकलला, तंतू मोकळे केले, मांडीवर घेऊन बारीक दोरी वळली आणि ती माझ्या कल्ल्यातून ओवली.

आता एक गंमत सांगतो, नीट लक्ष द्या. नवलसिंग डावखुरा होता. सगळे उजव्या मांडीवर, उजव्या हातानं दोरी वळतात. हा डाव्या मांडीवर, डाव्या हातानं. त्यामुळं त्याच्या दोरीचा पीळ उलटा पडायचा. लहानपणी आईनं त्याला यावरून किती बदडलं असेल! कारण त्यांच्यात उलट्या पिळाची दोरी फक्त तिरडीला वळतात. जिवंत माणसाच्या घरात ती नको. पण हात ऐकेल तर ना.

तर अशा दोरीत अडकून मी करंडीत पडलो. करंडी बैलगाडीत, बैलगाडीतून आगगाडीत. सुरतेहून गाडी निघाली आणि धडधड करत दिवसभर पूर्वेकडं पळत राहिली. मागं समुद्राचा वास कमी कमी होत गेला, आणि नंदुरबारला उतरलो तेव्हा उरलाच नाही. तो वास आता फक्त आमच्याच अंगाला होता, आणि लोक त्याला नाक मुरडत होते. मला असं रडू येत होतं, पण वाळलेल्या माशाच्या डोळ्यांत पाणी कुठलं?

अक्कलकुव्याच्या बाजारात सुक्या मासळीचं दुकान मांडून बसायचा तो अजीज. त्याच्या आजापासूनचा तो धंदा. डोंगरातली माणसं मोहाची फुलं, चारोळी, डिंक घेऊन उतरायची आणि त्याच्या बदल्यात मीठ आणि मासळी घेऊन चढायची. बाजाराच्या अहिराणी बोलीत अजीजचं तोंड सतत चालू असायचं, आणि हातही सढळ. घेणाऱ्याच्या फडक्यात वर एखादा मासा टाकल्याशिवाय तो कुणाला सोडायचा नाही. मी चांगले तीन बाजार त्याच्या करंडीत पडून होतो. मला कोणी घेईना. शेवटी एका बाईच्या फडक्यात त्यानं मला वरून टाकलं.

"ले माय, हाऊ वरतून ले. हाऊ कोनी लेत नही. येना दोन्ही डोया एकच बाजूले शेतस!"

बाई हसली नाही. तिची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हतीच, कल्ल्यातल्या दोरीवर होती. तिनं ती चिमटीत धरली, बोटांनी उलगडली, पुन्हा पिळली. आतली लाल चिंधी तिच्या नखाला लागली. आणि ती मटकन खाली बसली, भर बाजारात, मोहाच्या टोपलीशेजारी.

"काय व्हयनं माय?" अजीज घाबरला. "चक्कर उनी का?"

"हाऊ मासा कोठून उना, भाऊ?"

"सुरतथून येस. आगगाडीमा. त्यान्या आगे माले काय माहीत? समुंदर तं मी बी दखेल नही."

ती रेवाबाई होती. नवलसिंगची आई.

मित्रांनो, मी तेव्हा ओरडत होतो. जिवंत आहे! तुझा पोरगा जिवंत आहे, त्यानंच मला ओवलं! पण माशाला आवाज देताना देव विसरला, आणि वाळवल्यावर तर बोलायलाच नको.

घरी आल्यावर तिनं बाकीची मासळी सुनेपुढं ठेवली आणि मला पदरात धरून दिराला बोलावलं. तोच तो काका, भीमसिंग. ही माणसं घरी भिलोरी बोलत. तुम्हांला कळावं म्हणून मी ते तुमच्या मराठीत सांगतो. भीमसिंग वाईट माणूस नव्हता. पुतण्या डोळ्यांसमोर बुडाला, त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. नवलसिंगचा जीव पाण्यावर भटकतोय, त्याला ठिकाण द्यायला हवं, हा एकच घोर त्याला लागला होता. म्हणून त्यानं ओढ्यातून चांगला सपाट दगड आणून अंगणात टाकला होता. दोधूनं पाहिला तो हाच. पण तो आडवा पडलेला होता, मित्रांनो! उभा केलेलाच नव्हता, कारण रेवाबाई करू देत नव्हती. दोधू शहाण्यानं आडवा-उभा काही पाहिलं नाही. कुणाच्या घाईनं कुणाचा संसार बुडतो बघा.

"ही दोरी बघ," रेवाबाई म्हणाली.

भीमसिंगनं बघितली आणि झटकन हात मागं घेतला. "उलटा पीळ! भाबी, ही तिरडीची दोरी आहे. तोच सांगून पाठवतोय तुला, की मला आता मोकळा करा."

"लाल चिंधी दिसते का तुला? माझ्या लुगड्याची आहे. हा त्याच्या करदोड्याचा धागा आहे."

"मग कुणीतरी त्याच्या अंगावरून काढून घेतला असेल." तो म्हणाला. "नदी सगळं सोडते भाबी, फक्त माणूस सोडत नाही."

"करदोडा मी वळला होता. सुलट्या पिळाचा. ही उलटी कशी झाली? नदीनं वळली का बसून?"

भीमसिंगनं भीतभीतच दोरी हातात घेतली.

"ती उकलून कुणीतरी पुन्हा वळलीय. डाव्या हातानं. असला डावरा मेला मी एकच जन्माला घातलाय!" आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला एकदम फुटलं. सून रमिला चुलीपुढून उठून आली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. वर्षभरात तिनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशीही घेतलं नाही, पण दोरीतल्या लाल चिंधीवरून तिनं हळूच बोट फिरवलं.

भीमसिंगला पटावंसं वाटत होतं, पण भीती मोठी होती. आशेवर बसून राहावं आणि तिकडं पोराचा जीव भटकत राहावा, हे पाप कुणाच्या माथी? तो म्हणाला, "होळीपर्यंत थांबतो. होळीच्या आत तो आला नाही, तर दगड उभा करणार. आपल्या देवीची, याहा मोगीची आण."

आता सगळं त्या एका दगडावर येऊन थांबलं. तो उभा राहिला की नवलसिंग मेला, मग तो समुद्रावर कितीही श्वास घेत असो. आणि त्याला कळवायचं कसं? रेवाबाईनं मला भिंतीतल्या खुंटीला टांगलं आणि ती विचार करत बसली. मग उठली, माळ्यावरून अंबाडीची जुडी काढली, लुगड्याचा लाल काठ टर्रकन फाडला आणि उजव्या मांडीवर करदोडा वळायला घेतला. एक झाला, दुसरा घेतला. दुसरा झाला, तिसरा.

पुढच्या बाजारी अजीजपुढं तिनं ती रास टाकली तेव्हा तो चकितच झाला.

"इतला करदोडा कोनासाठे, माय?"

"मन्हा पोऱ्यासाठे. तुन्ह्या रिकाम्या करंड्या परत जातीस ना? त्यासले बांध."

"पोऱ्या एक आन् करदोडा इतला?"

"कोनती करंडी त्यान्याकडे जाई, तुले माहीत शे का?"

"नही."

"मंग समदासले बांध."

अजीजनं ती रास जवळ ओढली. तो बडबड्या माणूस, पण त्या दिवशी त्यानं एकही चेष्टा केली नाही. तिथंच बसून त्यानं एकेका करंडीच्या कानाला एकेक करदोडा बांधला. बाजारातले लोक हसले, "अजीज, करंड्यासनं लगीन लायी ऱ्हायना का?" तो म्हणाला, "हां भाऊ, ये, जेवाले बस."

करदोडा कशाला, असं विचाराल. अहो, मेल्याचा करदोडा तोडतात. घालतात तो जिवंत माणसालाच. ज्याला अक्षर येत नाही त्या आईनं याहून स्पष्ट काय सांगावं? बाळा, तू आमच्यात जिवंत आहेस, एवढंच ती प्रत्येक करंडीबरोबर पाठवत होती.

थंडीभर तिनं दोऱ्या वळल्या. शेतातून आली की वळायची, भाकरी थापून झाली की वळायची. मांडीची कातडी सोलवटून निघाली, तिथं ती तेल चोळायची आणि पुन्हा बसायची. खुंटीवरून मी बघायचो. मनात म्हणायचो, नशीबवान आहेस रे नवलसिंग. माझ्यासाठी तिकडं वाळूत कुणी दोरी वळत नसेल. माशांना आई ओळखत नाही. आमची आई अंडी पाण्यात सोडून निघून जाते. तरीही मला वाटायचं की तळावर माझ्या आकाराची एक जागा रिकामी असेल आणि तिच्यावर वाळू पसरली नसेल. वेडा विचार, पण यायचा.

पळस फुलला. पाड्यापाड्यातून ढोल घुमायला लागले. होळी अगदी तोंडावर आली आणि नवलसिंगचा पत्ता नव्हता. करंड्या रिकाम्या जात होत्या, भरून येत होत्या. त्यांच्याबरोबर निरोप काही येत नव्हता.

होळीच्या आदल्या दिवशी भीमसिंग आंघोळ करून, बडव्याला घेऊन अंगणात आला. बघतो तो काय! रेवाबाई दगडाशी फतकल मारून बसलेली. दगडावर लाल मिरच्या, लसूण, मीठ, आणि ती गोट्यानं खसाखसा वाटतेय. ठसक्यानं सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी.

"भाबी! हे काय केलंस?"

"चटणी," ती वर न बघता म्हणाली. "पाटा फुटला आमचा."

पाटा काही फुटला नव्हता. तो दाराआड धडधाकट उभा होता, मी वरून बघत होतो.

बडव्यानं कपाळाला हात लावला. "ज्या दगडावर मिरच्या वाटल्या, त्यावर मी पूर्वजाला कसा बसवू?"

"तेच म्हणते मी. नकाच बसवू."

भीमसिंग संतापानं पुढं आला. मला वाटलं, आता हा तिला हात धरून उठवतो. पण तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि रडायला लागला. "भाबी, मी त्याला माझ्या डोळ्यांनी जाताना बघितलं. मला काय हौस आहे का? रोज तो मला पाण्यातून हाक मारतो. मला झोप नाही."

रेवाबाईनं हात थांबवला. तिचे हात मिरचीनं माखलेले, म्हणून मनगटानंच त्याचा खांदा दाबला. "मला माहीत आहे रे. पण तू त्याला जाताना बघितलंस, मेलेला नाही बघितलास. मोहाची फुलं गळून संपेपर्यंत थांब. मग दुसरा दगड आण, मी वाटेत येणार नाही."

आपल्याच तोंडानं तिनं मुदत दिली, आणि त्यानंतर मी तिला पहिल्यांदा खचलेलं पाहिलं. होळीला सगळा डोंगर नाचायला गेला. ती दारात बसून होती.

मोहाची फुलं गळायला लागली. सकाळी सकाळी बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जात. एका सकाळी रमिला झाडाखालून धावत आली. टोपली तिथंच पडलेली. ती कुडाच्या कुंपणाकडं बोट दाखवत होती.

कुंपणाबाहेर एक लंगडा माणूस काठीवर भार देऊन उभा होता. अंग उघडं, आणि कमरेला लाल चिंधीचा करकरीत नवा करदोडा. दोन पावलं पुढं यायचा आणि थांबायचा. त्याची नजर अंगणातल्या दगडावर खिळलेली. इतक्या लांब चालत आला, आणि शेवटच्या चार हातांवर त्याचा धीर सुटला होता.

"याहा," त्यानं बाहेरूनच विचारलं, "मी येऊ का?"

रेवाबाई दारात आली. मला वाटलं ही धावेल, किंचाळेल. ती उंबऱ्याला धरून उभी राहिली. मग नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाली, "त्या दगडाकडं काय बघतोस मेल्या? मिरच्या वाटल्यात त्यावर. ये. चटणी-भाकर खा."

मग मात्र त्याची काठी गळून पडली. पुढचं मला नीट दिसलं नाही, कारण रमिला, रेवाबाई आणि तो, तिघं असे एकात एक गुंतले होते की कोण कोणाला धरून रडतंय ते कळत नव्हतं. भीमसिंग आला तो पुतण्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत राहिला. आंधळा चाचपतो ना, तसा.

जेवण झाल्यावर नवलसिंग बोलायला लागला. रिकाम्या करंडीच्या कानाला आईच्या हातचा करदोडा दिसला आणि तो तसाच घरी निघाला होता. समुद्र कसा असतो ते त्यानं सांगितलं आणि कुणालाही पटलं नाही. पलीकडचा काठ नाही म्हणजे काय? मग तो म्हणाला, "मी रोज डोंगराकडं तोंड करून बसायचो याहा. दिसायचं काही नाही. पण त्या बाजूला तोंड केलं की जरा बरं वाटायचं." बोलता बोलता त्याची नजर वर गेली आणि तो हसला. "अरे, हा इथं पोचला! हा असाच असतो. तळाला वाळू अंगावर ओढून पडून राहतो. घर सोडून कुठं जात नाही बिचारा. जाळ्यानं आणलं नसतं तर वर आलाच नसता."

रेवाबाई माझ्याकडं बघत राहिली. इतके दिवस ती माझी दोरी बघत होती. आज पहिल्यांदा तिनं मला बघितलं. उठून तिनं मला खुंटीवरून काढलं, तळहातावर ठेवलं आणि विचारलं, "तुझं घर कुठं रे?"

मित्रांनो, जाळ्यात सापडल्यापासून हे मला कुणी विचारलं नव्हतं. वाळवलं, ओवलं, विकायला मांडलं, हसले, टांगलं. विचारलं नाही. मला जे झालं ते मी शब्दांत कसं सांगू?

त्याच दिवशी ती मला घेऊन नर्मदेवर उतरली. नवलसिंगला म्हणाली, "तू बस, पाय दुखेल." वाट खडी होती, ती एकटीच आली. काठाला बसून तिनं माझ्या कल्ल्यातली दोरी अलगद काढून घेतली आणि मला पाण्यावर ठेवलं. किती दिवसांनी ओला झालो! गोडं पाणी ते, समुद्राचं नव्हे, पण पाणीच ना. "ही नदी तिथंच जाते," ती म्हणाली. "माझा पोरगा गेला होता."

वाळका मासा बुडत नाही. जन्मभर तळाला राहिलेला मी तरंगत तरंगत निघालो आहे. समुद्रापर्यंत मी पोचणार नाही, हे मला कळतं. वाटेत कुठंतरी भिजून विरघळेन, नाहीतर नदीतले मासे खातील. खाऊ देत. मी निघालोय, एवढं मला पुरे आहे. रेवाबाई अजून काठावर उभी आहे, कपाळावर हात धरून मला बघते आहे.

तुम्हांला एकच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी, तुमच्या गावात कुणी लांबून आलेलं असेल, कामाला आलेलं माणूस, दावणीचं जनावर, पिंजऱ्यातला पोपट, कुणीही, तर त्याला एकदा जवळ बसून विचारा की तुझं घर कुठं आहे. रेवाबाईला ते सुचायला पोटचा मुलगा हरवावा लागला. तुम्ही तेवढी वाट बघू नका.